पर्यावरण कर आणि केंद्राचा अर्थसंकल्प : अक्कलकोटच्या तूर-ऊस शेतीवर भार कुठून येतो?

दरवर्षी १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो, तेव्हा आपण साधारणपणे ठरावीक गोष्टी पाहतो. पीएम-किसानची रक्कम वाढली का, पीककर्जाचे काय झाले, खतांच्या अनुदानाला किती तरतूद आहे, तुरीच्या आयातीबद्दल काही बोलले का. ‘पर्यावरण कर’ हा शब्द त्या भाषणात सहसा ऐकू येत नाही. पण तो कर आहे, गेली पंधरा वर्षे वेगवेगळ्या नावांनी आहे, आणि तुमच्या डिझेलमध्ये, विजेत, फवारणीच्या औषधात तो मिसळलेला आहे. पुढच्या अर्थसंकल्पांत असे कर वाढण्याची शक्यता किती, आणि वाढले तर अक्कलकोट तालुक्यातील तूर, उडीद, ऊस करणाऱ्या शेतकऱ्याला ते नेमके कुठे लागतील, याची माहिती या लेखात दिली आहे. कृषी सहायक आणि कृषी सेवा केंद्रचालकांनाही ती उपयोगी पडेल.

पर्यावरण कर म्हणजे हवा, पाणी किंवा जमीन बिघडवणाऱ्या वस्तूवर, त्या वस्तूच्या वापराच्या प्रमाणात लावलेला कर. कोळसा जास्त जाळला तर कर जास्त, कमी जाळला तर कमी. यात दोन हेतू असतात : वापर कमी व्हावा, आणि जमा झालेल्या पैशातून नुकसान भरून काढावे. यातला दुसरा हेतू आपल्याकडे कसा कागदावरच राहिला, ते कोळशाच्या उदाहरणातून नीट समजते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

फताटेवाडीचा कोळसा आणि ४०० रुपयांची गोष्ट

अक्कलकोटच्या शेजारी दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे एनटीपीसीचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. ६६० मेगावॉटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॉट. पाणी उजनीचे, कोळसा रेल्वेने बाहेरून येतो. या कोळशावरचा कर हाच देशातला सर्वांत ठळक पर्यावरण कर.

२०१०-११ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ आणला. १ जुलै २०१० पासून प्रत्येक टन कोळशावर ५० रुपये घेतले जाऊ लागले. पुढे २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये टन झाले. नावही बदलून ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ झाले. हा पैसा ‘राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी’त जाईल आणि सौर व इतर स्वच्छ ऊर्जेवर खर्च होईल, असे सांगितले होते.

प्रत्यक्षात २०१७-१८ पर्यंत या उपकरातून ८६ हजार कोटी रुपयांहून अधिक जमा झाले. त्यातले ३० हजार कोटींपेक्षा कमी त्या निधीत गेले, आणि प्रकल्पांवर खर्च झाले ते सुमारे १६ हजार कोटी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हा उपकर रद्द झाला, पण ४०० रुपये गेले नाहीत. तेच ४०० रुपये ‘जीएसटी भरपाई उपकर’ म्हणून चालू राहिले आणि राज्यांच्या महसुलाची तूट भरण्याकडे वळले. कर तोच, वस्तू तीच, हेतू मात्र बदलला.

त्यानंतरचा बदल २२ सप्टेंबर २०२५ चा. जीएसटीचे दर सुधारताना कोळशावरचा ४०० रुपयांचा उपकर काढला आणि जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. वरवर पाहता कर वाढल्यासारखे वाटते. हिशेब करून पाहा. १,५०० रुपये टनाच्या कोळशावर आधी ७५ रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर, म्हणजे ४७५ रुपये द्यावे लागत; आता २७० रुपये. ४,००० रुपये टनाच्या कोळशावर आधी ६०० रुपये होते, आता ७२० रुपये. साधारण ३,०७७ रुपये टन या भावाला दोन्ही पद्धती सारख्या पडतात. त्याखालच्या स्वस्त कोळशावरचा कर कमी झाला, वरच्या महाग कोळशावर वाढला. स्वस्त कोळसा हा बहुतेक जास्त राखेचा, कमी उष्णता देणारा असतो. म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने ज्यावर जास्त कर हवा, त्याच्यावरच कमी झाला. वीज स्वस्त राहावी यासाठी हे ठीक असेल, पण याला पर्यावरण कर म्हणता येणार नाही, असे माझे मत आहे.

याचा तुमच्या बिलाशी संबंध असा. एक युनिट विजेला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. टनाला ४०० रुपये म्हणजे किलोला ४० पैसे, म्हणजे युनिटमागे २४ ते २८ पैसे. वीज जीएसटीच्या बाहेर असल्याने वीज कंपनीला कोळशावर भरलेला कर वजा करून घेता येत नाही, तो विजेच्या दरातच मिसळतो. तुमचा पंप साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा असेल, तर एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेमुळे तुम्हाला तो दिसत नाही. तुमच्या वतीने राज्य सरकार भरते. त्याहून मोठा पंप, घरचे मीटर, पिठाची गिरणी, डाळ मिल, शीतगृह यांच्या बिलात मात्र तो असतोच. मोफत योजनेची मुदत मार्च २०२९ पर्यंत आहे, ही तारीखही लक्षात असू द्या.

डिझेलमध्ये काय काय आहे

ट्रॅक्टर स्वतःचा असो की भाड्याचा, डिझेलवरचा कर शेवटी एकरी खर्चात येतो. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर एक लिटर डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क १७ रुपये ८० पैसे झाले. त्यात मूळ शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे. बाकी विशेष अतिरिक्त शुल्क १० रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर २ रुपये, आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ४ रुपये. राज्याचा व्हॅट यावर वेगळा.

हा कृषी उपकर २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात आला. चार एकरांची नांगरट, पाळी, पेरणी, मळणी, वाहतूक मिळून वर्षाला १५० लिटर डिझेल लागते असे धरले, तर त्या दराने केंद्राला २,६७० रुपये जातात आणि त्यातले ६०० रुपये ‘शेतीच्या पायाभूत सुविधांसाठी’ म्हणून जातात. शेतकऱ्याकडून शेतीसाठी घेतलेला हा पैसा परत मिळवायचा रस्ता आहे, पण फार थोडे लोक तो वापरतात. कृषी पायाभूत सुविधा निधीतून गोदाम, प्रतवारी केंद्र, डाळ मिलसारख्या प्रकल्पाला दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याज सवलत मिळते. दुधनीच्या बाजारात तूर विकणाऱ्या गावांनी, विशेषतः शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, याचा विचार करावा. तूर भरडून विकण्यात आणि अख्खी विकण्यात काय फरक पडतो, हे वेगळे सांगायला नको.

केंद्राने हा मार्ग का धरला, तेही समजून घ्या. राज्यघटनेप्रमाणे शेती उत्पन्नावरचा कर, जमीन महसूल, वीज वापरावरचा कर आणि पाणी हे विषय राज्यांकडे आहेत. केंद्राला थेट तुमच्या शेतावर कर लावता येत नाही. केंद्राच्या हातात आहेत कोळसा, पेट्रोल-डिझेल, आयात शुल्क, आणि राज्यांबरोबर मिळून जीएसटी. शिवाय उपकर आणि अधिभार यांचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. त्यामुळे पर्यावरणाच्या नावाने पुढे काही आले, तर ते बहुधा उपकराच्या रूपात आणि बहुधा इंधनावर येईल. याची एक झलक २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात दिसली होती : मिश्रण नसलेल्या इंधनावर लिटरला २ रुपये जादा शुल्क जाहीर झाले. तो कर वाहनधारकाला दंड म्हणून नव्हता, तेल कंपन्यांनी इथेनॉल मिसळावे यासाठी होता. ऊस उत्पादकाच्या तो बाजूचा होता. २०२३-२४ मध्ये सीएनजीत मिसळलेल्या बायोगॅसवरचे दुहेरी शुल्क काढले, तेही साखर कारखान्यांच्या प्रेसमडला किंमत येण्याच्या दृष्टीने चांगले. पर्यावरण कर म्हणजे शेतकऱ्याचे नुकसानच, असे समजून चालू नका.

जुन्या वाहनांवरच्या हरित कराबद्दल बांधावर बरीच चुकीची चर्चा असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२१ मध्ये मान्य केलेल्या प्रस्तावात ट्रॅक्टर, हार्वेस्टर, टिलर यांना या करातून वगळले आहे. जुनी जीप किंवा टेम्पो असेल तर मात्र आरटीओत चौकशी करा.

युरियावर कर येईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. सरळ उत्तर : ‘नत्र कर’ या नावाने येण्याची शक्यता फार कमी, दुसऱ्या वाटेने तोच परिणाम होण्याची शक्यता बरीच.

स्वीडनने १९८४ पासून रासायनिक खतातील नत्रावर कर लावला होता आणि २०१० मध्ये तो काढून टाकला. डेन्मार्कने २०३० पासून जनावरांच्या वायू उत्सर्जनावर टनाला ३०० क्रोनर कर लावायचे ठरवले आहे. न्यूझीलंडने मात्र शेतीतील उत्सर्जनाला किंमत लावण्याचा बेत २०२४ मध्ये मागे घेतला. एक-दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला असा कर लावण्याचा विचारही इथे कोणी करणार नाही. आपल्याकडे तर उलटे आहे : खतावर मोठे अनुदान आहे. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. युरियाची मूळ किंमत २०१२ पासून टनाला ५,३६० रुपयेच आहे, तर इतर खते २०१० पासून पोषणद्रव्य आधारित अनुदानात गेल्याने त्यांचे भाव वरखाली होत राहिले. त्यामुळे युरियाचा वापर वाढला आणि स्फुरद, पालाश मागे पडले.

सरकारला हे कमी करायचे आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पीएम-प्रणाम योजनेत रासायनिक खत कमी वापरणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग अनुदान म्हणून मिळतो. लक्षात घ्या, हा पैसा राज्याला मिळतो. तुमच्या शेतात खत वाचले म्हणून तुमच्या खात्यावर काही येत नाही. पुढे अनुदान कमी झाले तर त्याचा परिणाम कर लावल्यासारखाच होईल, फक्त त्याला कोणी कर म्हणणार नाही.

समजा युरियाची गोणी १०० रुपयांनी महागली. सुरू उसाला शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५० किलो नत्र लागते, म्हणजे एकरी १०० किलो. सगळे नत्र युरियातून दिले तर २१७ किलो युरिया, म्हणजे पावणेपाच-पाच गोण्या. एकरी जवळपास ४८० रुपये जादा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र धरले तर पावणेआठ गोण्या आणि ७७० रुपये. तुरीला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. एकरी एक डीएपीची गोणी दिली की ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद मिळते, गरज जवळजवळ भागते. तुरीला युरियाचा भाव लागतच नाही म्हटले तरी चालेल. म्हणजे कुरनूर धरणाच्या किंवा भीमाकाठच्या बागायत पट्ट्यावर आणि जिरायत तूर-उडीद करणाऱ्यांवर भार सारखा पडणार नाही. एकाच तालुक्यात हा फरक आहे, आणि कोणी ‘शेतकऱ्यांवर बोजा’ असे सरसकट म्हटले तर त्याला हा हिशेब दाखवा.

उसात नत्राची बचत करण्यासाठी कराची वाट पाहण्याची गरज नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस जुनी आणि खात्रीची आहे : लागणीपूर्वी हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात बेणे ३० मिनिटे बुडवावे. बुरशीनाशकाची प्रक्रिया करणार असाल तर ती आधी करा, जिवाणूंची नंतर. यामुळे नत्राची मात्रा निम्म्याने आणि स्फुरदाची पाव हिश्श्याने कमी करता येते. प्रत्यक्षात शेतकरी एकदम निम्मे नत्र कमी करायला घाबरतात, ते मी समजू शकतो. पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावर करून पाहा. खोडव्यात पाचट जाळू नका. ते सरीत ठेवून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. ठिबक करणार असाल तर सप्टेंबर २०२५ पासून ठिबक व तुषार संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. ट्रॅक्टरवरचाही ५, आणि ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग १८ वरून ५ टक्के. कोटेशन त्याप्रमाणे आहे का, ते पाहून घ्या.

पाणी, सीमेपलीकडचा कर आणि कार्बन क्रेडिट

पाण्यावरचा कर केंद्राच्या अर्थसंकल्पातून येणार नाही. उद्योगांवर केंद्राचा एक जल उपकर १९७७ पासून होता, तोही २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपला. मात्र महाराष्ट्र भूजल कायदा २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर निर्बंध आणि अधिसूचित क्षेत्रात आधीच्या खोल विहिरींवर उपकर, अशी तरतूद आहे. चारशे-पाचशे फुटांचे बोअर आपल्याकडे गावोगाव आहेत, म्हणून मुंबईच्या अर्थसंकल्पाकडे आणि शासन निर्णयांकडेही लक्ष असू द्या.

युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. त्यात लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज आहे. द्राक्ष, डाळिंब, डाळी त्यात नाहीत. त्यामुळे निर्यातीचा माल अडेल अशी भीती घेऊ नका. या कराचा आपल्यावर परिणाम होईल तो आडून. परदेशात कार्बनचे पैसे भरण्यापेक्षा ते देशातच गोळा करावेत, असा विचार यामुळे दिल्लीत बळ धरतो. केंद्राने जून २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना त्याच दिशेची आहे. त्यात मोठ्या कारखान्यांना उत्सर्जनाची मर्यादा घालून दिली जाते, मर्यादेच्या आत राहिलेल्याला विकण्यासाठी क्रेडिट मिळते. माझ्या अंदाजाने येत्या काही वर्षांत केंद्र नवा कर लावण्यापेक्षा या बाजारावर जास्त भर देईल. करामुळे टीका होते, बाजाराला तितकी होत नाही.

याच नावाने काही प्रतिनिधी गावात येऊन झाडे लावा, नांगरट बंद करा, एकरी अमुक डॉलर मिळतील असे सांगतात. सही करण्यापूर्वी करार किती वर्षांचा, मध्येच सोडला तर काय, मोजणीचा खर्च कोणाचा, क्रेडिटच्या विक्रीतला वाटा किती टक्के, हे मराठीत लिहून घ्या. लिहून देत नसतील तर सही करू नका.

फवारणीच्या औषधांवरचा फरक आजच वापरा

आपल्या रोजच्या व्यवहारात सर्वांत चांगला चालणारा पर्यावरण कर कोणता, असे विचाराल तर तो आहे कीडनाशकांवरच्या जीएसटीतला फरक. रासायनिक कीडनाशकांवर १८ टक्के, तर ठरावीक बारा जैविक कीडनाशकांवर ५ टक्के, हा दर सप्टेंबर २०२५ पूर्वी १२ होता. १,००० रुपयांच्या मालावर १८० आणि ५० रुपये, म्हणजे १३० रुपयांचा फरक. शेतमाल जीएसटीमुक्त असल्याने तुम्हाला भरलेला कर परत घेता येत नाही, तो खर्चातच बसतो. म्हणून हा फरक खरा आहे.

तुरीत शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीसाठी फुलोऱ्याच्या सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क आणि अळ्या लहान असताना हेक्टरी २५० एलई एचएएनपीव्ही संध्याकाळी फवारले, तर पहिल्या दोन फवारण्या या सवलतीत बसतात. अळी मोठी झाल्यावर एचएएनपीव्हीचा उपयोग होत नाही, मग शिफारशीतील रासायनिक औषधच घ्यावे लागते. कामगंध सापळ्यांवर नजर ठेवली तरच हे वेळेत जमते. तूर आणि हरभऱ्याच्या मर रोगासाठी किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्माची प्रक्रिया करा, तीही सवलतीतच आहे.

बिल घेताना नाव वाचा. ५ टक्क्यांच्या यादीत ट्रायकोडर्मा व्हिरिडी व हार्झियानम, सुडोमोनास फ्लुरोसन्स, बिव्हेरिया बॅसियाना, घाटे अळी व तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचे विषाणू, कडुनिंबावर आधारित कीडनाशके, बॅसिलसचे चार प्रकार आणि सिंबोपोगॉन एवढीच नावे आहेत. ‘ऑरगॅनिक’, ‘बायो’, ‘हर्बल’ असे बाटलीवर छापलेले प्रत्येक औषध त्यात बसत नाही. आणि यादीतील औषधाला दुकानदाराने १८ किंवा जुना १२ टक्के दर लावला असेल, तर तिथेच बिल दुरुस्त करून मागा.